जबाबदार व्यक्ती

दर तीन महिन्यांनी एक फॉर्म भरायचा, ही रुग्णालयाच्या संगणक विभागातली जुनी रीत. वर मथळा 'धोका मान्य', खाली चार रकाने आणि शेवटी मोठ्या साहेबांची सही. सुरक्षेचं काम पाहणाऱ्या बाईंना तो फॉर्म तोंडपाठ होता. तिसऱ्या मजल्यावरच्या पंपांतून कुणाच्या शिरेत किती औषध जायचं, हे ठरवणारा प्रोग्राम एका जुनाट फ्रेमवर्कवर, म्हणजे विकत घेतलेल्या तयार सांगाड्यावर, उभा होता आणि त्या फ्रेमवर्कचा सपोर्ट कंपनीने तीन वर्षांपूर्वीच बंद केला होता. म्हणजे त्यात चोराला आत शिरता येईल असं नवं भोक सापडलं, की बातमी चोराला आणि सावाला एकदमच कळणार, बुजवायला मात्र कोणीच येणार नाही. प्रोग्राम नव्याने लिहायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी बारगळायचं. तोवर फॉर्म. बाई मागचाच उघडायच्या, तारीख बदलायच्या आणि पुढे ढकलायच्या. बाकीच्या रकान्यांकडे त्यांनी दोन वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग त्यांची धाकटी बहीण तिसऱ्या मजल्यावर दाखल झाली. तिच्या हृदयाचे ठोके त्या पंपाच्या थेंबांवर चालले होते. थेंब वाढले तरी धोका, कमी झाले तरी धोका. बाईंची झोपच उडाली. त्यांनी गेल्या दोन वर्षांत जाहीर झालेल्या भोकांची यादी काढली आणि एकेक तपासायला बसल्या.

सगळी बुजवलेली होती.

त्या चक्रावल्या. प्रत्येक दुरुस्तीची वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. प्रत्येकीच्या शेवटी एक ओळ: 'चहा गार झाला.' ती ओळ त्यांच्या चांगली ओळखीची होती. त्यांच्या आधी या टेबलावर आण्णा बसत. कामात डोकं घातलं की शेजारचा चहा विसरायचे आणि काम संपलं की गंमत म्हणून हीच ओळ लिहायचे. दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीत, चारच्या चहाच्या वेळी, आण्णा गेले. त्यांचं खातं बाईंनी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी चारला बाई खुर्ची सोडून बाजूला उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी पडद्यावर ओळी उमटू लागल्या. मधेच थांबायच्या, एखादं अक्षर पुसलं जायचं, पुन्हा सुरू. खुर्चीची गादी जरा खाली दबली होती.

बाईंनी साहेबांना गाठलं.

"भोकं बुजतायत ना?" साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले.

"बुजतायत, पण सर..."

"मग कशाला उगाच उकरून काढता?"

बाई आपल्या टेबलाकडे परतल्या. खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं. जो कोणी असेल तो बहिणीला जगवत होता, आणि त्याहून जास्त त्यांना काही जाणून घ्यायचं नव्हतं.

पण महिन्याच्या अखेरीस बाहेरचा तपासनीस आला. त्याने फॉर्म वाचला आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. जबाबदार व्यक्ती: आण्णांचं नाव. दोन वर्षं, आठ फॉर्म, तेच नाव.

"हे गृहस्थ कुठे असतात?"

"वारले," बाई म्हणाल्या.

"अहो मॅडम, मेलेल्या माणसाला कामाला लावलंय तुम्ही!" तो हसला, मग गंभीर झाला. "आत्ताच्या आत्ता बदला. नाहीतर मला हा प्रोग्राम बंद करायला सांगावं लागेल."

बंद म्हणजे अकरा पेशंटचे पंप हाताने चालवायचे आणि पाळीला नर्स दोघीच. बाईंनी साहेबांकडे पाहिलं. "तुमचंच घाला की," साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." बाईंनी आण्णांचं नाव खोडलं आणि स्वतःचं लिहिलं.

तीन दिवसांनी नवं भोक जाहीर झालं, आजवरचं सगळ्यात मोठं. बाईंनी सकाळपासून डोकं आपटलं, काही जमेना. आता आण्णा येणार नव्हते. हात टेकून चारला त्या वर गेल्या, पलंगाशेजारी बसल्या, बहिणीचा हात हातात घेतला आणि पंपाच्या आकड्यावर नजर लावून बसून राहिल्या. आकडा हलला नाही.

"ताई, मघाशी न सांगता कुठे गेली होतीस गं?" बहिणीने विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच तर आहे."

"छे. दहा मिनिटं खुर्ची रिकामी होती. मी हाकासुद्धा मारल्या."

बाई खाली धावल्या. भोक बुजलेलं होतं. चार वाजून दहा मिनिटं. खातं त्यांचं.

फ्रेमवर्क जुनं होत होतं, भोकं वाढत होती. दहा मिनिटांची वीस झाली, मग तास. घरी नवरा म्हणाला, "जेवताना मधेच उठून जातेस, सांगून तरी जात जा." बाई तर ताटावरून उठल्याच नव्हत्या. नाव खोडावं, असं शंभरदा मनात आलं. पण त्या जागी कुणाचं लिहायचं? आणि कोरं सोडलं तर वर बहीण. पुढचा फॉर्म आला. बाईंनी तारीख बदलली, नाव तसंच ठेवलं आणि त्या ढसाढसा रडल्या. शेजारच्या टेबलावरच्या कोणीही मान वळवली नाही.

त्या दिवशी त्या चहा घेऊन वर गेल्या. वाफाळता कप छोट्या टेबलावर ठेवला, बहिणीचा हात हातात घेतला.

बहीण दाराकडे बघत होती. चेहऱ्यावर चांगली तरतरी आली होती.

नर्स आत आली.

"आज ताई आली नाही का हो?" बहिणीने विचारलं.

"नाही दिसल्या."

"मी इथेच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हात घट्ट दाबला. "अगं, इथेच आहे मी."

नर्सने पंपाचा आकडा पाहून कागदावर लिहिला. सगळं ठीक होतं. जाताना तिने टेबलावरचा कप उचलला आणि बोट लावून पाहिलं.

"कोणी ठेवलाय कोण जाणे," ती म्हणाली. "पार गार झालाय."