प्रेमिलाबाईचा वन्स मोअर

मोबाईल उपडे ठेवा अन् ऐका. नागसेन माझ्या ओळखीचा माणूस. नागपुरात नंदनवनला माझ्या मागच्याच गल्लीत राहतो आणि थापा मारणाऱ्यातला नाही. मागच्या पौषातली, शनिवारची रात्र. कुहीच्या पलीकडे एका गावात शंकरपट होता. दिवसा बैल पळाले की रात्री नाटक, हा आपल्याकडचा रिवाजच. नागसेन नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचा. दुपारी त्यानं कळमन्याच्या बाजारापाशी गाडीत ऑर्गन चढवला, भज्यांचा पुडा घेतला आणि निघाला.

पोटात राग होता, तो मात्र सोबत घेऊनच. ऐकाल तर तुम्हालाही येईल.

त्या कंपनीची गायिका होती प्रेमिलाबाई. हिवाळ्यात नाटकात लावणी, उन्हाळ्यात लग्नाचा ऑर्केस्ट्रा, एप्रिलात जयंतीला भीमगीतं, आणि कोणी दर्दी भेटला तर गझलसुद्धा. अख्खी कंपनी त्या एका गळ्यावर जगली. बाई आजारी पडली तेव्हा मालक गणपतरावानं 'तालमीले लागते' म्हणून तिच्याकडून सगळी गाणी रेकॉर्ड करून घेतली. भादव्यात बाई गेली. दिवाळीनंतर तीच गाणी लॅपटॉपवरून वाजायला लागली. समोर करिष्मा नावाची नवी पोरगी नुसते ओठ हलवायची, आणि मालक स्वतः माईकवर येऊन सांगायचा, 'गायिका, करिष्मा.' मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

त्या रात्री रंगपटात नागसेननं शेवटचं सांगून पाहिलं. "मालक, एकच ओळ बोला. आवाज प्रेमिलाबाईचा आहे म्हणा. तिची पोरगी घरी रडून राहिली."

मालक पानाला चुना लावत म्हणाला, "मेलेल्या बाईचं नाव घेऊन तिकीट खपते काय गा? तू आपला ऑर्गन वाजव."

नागसेन ऑर्गनपाशी जाऊन बसला. करिष्मानं सगळं ऐकलं होतं. ती बिचारी खाली मान घालून पदर खोचत राहिली. तिचं पोटही त्याच कंपनीवर होतं.

दीडच्या सुमारास लावणी आली. मंडपात थंडीनं कुडकुडणारी माणसं उठून नाचायला लागली. वन्स मोअर. वन्स मोअर. आता बाईची एक रीत होती. वन्स मोअरला ती गाणं तसंच्या तसं कधी म्हणायची नाही. "मी शिळं वाढत नसते," म्हणायची, आणि शेवटचा अंतरा त्या गावावर, समोरच्या माणसांवर जागच्या जागी जुळवायची. मालकानं मात्र लॅपटॉपवाल्याला खूण केली... तेच पुन्हा लाव.

नागसेनच्या डोक्यात तिडीक गेली. होऊ दे आज फजिती. तो उठला आणि लॅपटॉपमधून स्पीकरला जाणारी वायर त्यानं हिसडा देऊन उपटली.

सगळं शांत.

करिष्मा माईकपुढे उभी. ओठ मिटलेले.

आणि गाणं सुरू झालं.

स्पीकरमधून... तोच गळा. वायर तर नागसेनच्या हातात लोंबत होती. ढोलकीवाल्याचा हात थांबला. गाणं थांबलं नाही. अंतरा नवा होता. त्यात आज पट जिंकलेली बैलजोडी आली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा लाल मफलर आला. मग विंगेत पान चघळत उभा असलेला एक माणूस आला... चोरून खाणारा.

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना काय माहीत.

करिष्मा मागे सरकत नागसेनपाशी आली. "दादा... मी नाही गाऊन राहिले."

"माहीत आहे वं," तो एवढंच म्हणाला.

गाणं संपलं. मालक तरातरा पुढे गेला. माईक धरला. तोंड उघडलं...

काही नाही.

पुन्हा उघडलं. जबडा हलत होता. आवाज नव्हता. एक हात गळ्यावर गेला.

कोणीतरी पडदा पाडला.

नागपुरात डॉक्टरांनी तपासलं. गळा साफ आहे म्हणाले. पण गणपतराव मालक घराबाहेर पडेना. कंपनी बसली. कोणी भेटायला गेलं तर त्याची बायको जिजाबाई दारातूनच वाटेला लावायची. चहा नाही, पाणी नाही.

फाल्गुनात नागसेननं एका रात्री मालकाच्या घरी फोन लावला. बाईची गाणी तिच्या पोरीला परत द्या, एवढंच सांगायचं होतं. बरीच रिंग वाजल्यावर फोन उचलला गेला. कोणी बोलेना. नुसता श्वास.

"हॅलो," पलीकडून आलं.

प्रेमिलाबाईचा आवाज. जरा घोगरा, खालच्या पट्टीतला. नागसेननं तो आयुष्यभर ऐकलेला. चूक व्हायची सोयच नव्हती.

"कोण... कोण बोलते?"

पलीकडे कोणीतरी रडत होतं. मग त्याच आवाजात, अगदी हळू...

"नागसेन, मी गणपतराव बोलून राहिलो."