खुनी कोण, आबा?

कावळा शिवत नव्हता आणि एक परका माणूस माझ्या पायावर उभा होता.

"अहो... पाय!" मी दबक्या आवाजात ओरडले.

"सॉरी मॅडम," म्हणत त्यानं पाय उचलला आणि माझ्या दुसऱ्या पायावर दिला. असला माणूस! दहाव्याचा विधी नसता ना, तर तिथंच भीमेत ढकललं असतं मी त्याला.

दहावा होता आमच्या आबांचा. भिमाजी टेंगले, रहस्यकथावाले. एसटी स्टँडच्या स्टॉलवर ज्यांची पुस्तकं गरम भज्यांसारखी खपायची, ते. केडगाव स्टेशनसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. आबांचा हात थरथरायला लागला तेव्हापासून ते रोज सकाळी दुकानात येऊन सांगायचे आणि मी टाइप करायचे. मध्येच मी नाक खुपसायचे, "आबा, हे काही पटत नाही." ते म्हणायचे, "मग तू लिहून दाव." अशानं मी लिहायला शिकले. माझी पहिली गोष्ट त्यांनी अर्धी खोडली आणि उरलेली स्वतः दिवाळी अंकाला पाठवली. बापानं केलं नसतं एवढं त्या माणसानं माझं केलं.

आणि गेले कधी? तर 'उसातला पाहुणा'चं शेवटचं प्रकरण राहिलेलं असताना. शेवट ते आधी कुणालाही सांगत नसत. एक दिवस दौंडला जायचे, जंक्शनवर एकटेच चहा पीत बसायचे आणि परत येऊन म्हणायचे, "घे, लिही." या खेपेला परतताना गाडीतच छातीत कळ आली. त्यांच्याबरोबर खुनीही गेला.

घाटावर कावळे बाभळीवर बसून होते, पण पिंडाकडं एक बघेल तर शपथ. थोरला मुलगा म्हणाला, "आबा, आईला अंतर देनार न्हाई." कावळे ढिम्म. पुतण्या म्हणाला, गावात वाचनालय काढू. तरी ढिम्म. मी हात जोडले, "आबा, पुस्तक मी पुरं करते." एक कावळा खाली आला, पिंडाभोवती उड्या मारून परत फांदीवर गेला. खरंच आहे, मला शेवट कुठं ठाऊक होता! उन्हात बसून अनसाबाई, आबांच्या मंडळी, पार खचत चालल्या होत्या. "कशात जीव आडकलाय वो तुमचा?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

तेवढ्यात माझे पाय तुडवणारा तो माणूस पुढं झाला.

"आबा," तो मोठ्यानं म्हणाला, "खुनी कोन ते तुम्ही मला सांगितलंय न्हवं? मी सांगतो ह्यास्नी. पुस्तक पुरं हुईल. तुम्ही जावा आता."

कावळा सरळ आला आणि शिवला. अनसाआजी ढसाढसा रडल्या, पण सुटल्यासारख्या. आणि मी... मी त्या माणसाकडं बघतच राहिले. आबांचा शेवट कुणाजवळ तरी आहे! म्हणजे आबांचं अजून काहीतरी ऐकायचं बाकी आहे.

त्याचं नाव मल्हारी. शिरूरचा, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला. कधीतरी आबांच्या पुस्तकातली चूक दाखवायला त्यानं फोन केला आणि आबांनी त्याला कामालाच लावलं. रविवारी मोटारसायकलवर आबांना घेऊन तो खुनाच्या जागा दाखवत हिंडायचा.

"एकदा मला विहिरीत उतरून वरडायला लावलं," तो म्हणाला. "वर कुठवर ऐकू येतं ते बघायचं हुतं त्यास्नी."

"बरं, मग सांगा. खुनी कोण?"

"आसं कसं? आधी सुरवातीपास्नं ऐकू तर द्या. एकदम शेवट सांगून मजा जाती."

"मजा? इथं माझा जीव चाललाय!"

"मग तर दमानं घ्यायला पायजे..." आणि हसला. हसताना डोळे बारीक होतात त्याचे. मी बघितलं नाही, दिसलं.

झालं. दर रविवारी स्वारी शिरूरहून हजर. न्हावऱ्याहून भजी बांधून आणायची, स्टुलावर बसायचं आणि मी प्रकरण वाचायचं. परतीचा पाऊस पत्र्यावर धोधो कोसळायचा, मी आवाज चढवायचे, तर हा स्टूल पुढं ओढायचा.

"ऐकू येत न्हाई..."

"इतक्या जवळून?"

"कान जरा कमी हाय."

"मग कंपनीत मेडिकल पास कसे झालात?"

"तितं तुम्ही न्हवता वाचायला."

मी मान खाली घालून वाचत राहायचे. ओळी मात्र चुकायच्या. वाचताना आबांचा एखादा लाडका शब्द आला की मी तिथंच थांबायचे... मग तो पाण्याची बाटली पुढं करायचा. एकदा देताना त्याचा हातही लागला. दोघांनीही काढला नाही.

शेवटून दुसरं प्रकरण आलं. संशयातून डॉक्टर सुटला, मुकादम सुटला, इन्स्पेक्टर गावातल्या मास्तरांच्या ओसरीवर चहा घेत बसला. मी थांबले. मल्हारी स्टुलाच्या कडेला आलेला.

"आयला! मग मारलं कुनी?"

पुढच्याच क्षणी त्यानं जीभ चावली. मी कागद खाली ठेवले.

"तुम्हाला माहीत नाही," मी म्हणाले.

"न्हाई." त्याची मान खाली. "आजींकडं बघवंना हो त्या दिवशी. मला दुसरं कायच सुचलं न्हाई."

"आणि पुढचे इतके रविवार?"

"ते... आजींसाठी न्हवतं."

एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मी लाजून चूर झाले असते. तेव्हा मात्र वाटलं, याचा गळा धरावा. गेलेल्या माणसाला खोटं वचन! आणि मी वेडी, आबा अजून यायचेत म्हणून रविवार मोजत बसले होते. आबा संपले होते. उरलं काहीच नव्हतं.

"चालते व्हा," मी म्हणाले.

तो उठला, तोच आजींचा फोन. "पोरी, आज शेवट वाचनार न्हवं? च्या टाकलाय. त्या पोरालाबी आन."

"मी सांगतो त्यास्नी खरं," मल्हारी म्हणाला. "पाय धरतो."

"आणि कावळा? 'माझा मानूस सुखानं गेला' म्हणतात, म्हणून डोळ्याला डोळा लागतो त्यांच्या. ते काढून घेणार तुम्ही? गप्प बसायचं तिथं. तोंड उघडलंत तर याद राखा!"

आजींना वाचता येत नाही. आबांचं प्रत्येक पुस्तक त्यांनी आबांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांच्या घरी गेल्यावर मी जुनेच कागद समोर धरले आणि सांगू लागले. मास्तरांनी कप खाली ठेवला... उसात मरून पडलेल्या त्या पाहुण्यानं मास्तरांच्या लेकीला फसवलं होतं, पोरीनं विहीर जवळ केली होती... मास्तर म्हणाले, "साहेब, चहा संपवा, मग निघू." कुठून सुचत गेलं, देव जाणे. दौंडच्या बाकड्यावर आबांनी हेच ठरवलं होतं की भलतंच, ते आता कुणालाच कधी कळणार नाही.

आजींनी माझ्या हातातल्या कागदांवरून हात फिरवला.

"मास्तरच," मग म्हणाल्या. "मला पयल्यापास्नं वाटत हुतं." त्यांनी कपबश्या गोळा केल्या आणि तशाच हातात धरून बसल्या. "म्हंजी... आता फुडं काय न्हाई?"

"नाही आजी."

"म्हंजी आता खरंच गेले."

मग आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. मल्हारी दाराकडं तोंड करून उभा होता, त्याची पाठ हलत होती.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो गाडीपाशी किल्ली हातात घेऊन उभा राहिला, पण लावेना.

"मी आता येऊ नको न्हवं?"

"माझा राग आहे तुमच्यावर. लवकर जायचा नाही."

"ऱ्हाऊ द्या."

"आबांची फार आठवण येते हो, मल्हारी..."

"मलाबी." त्यानं माझा हात हातात घेतला, भर रस्त्यात, आणि मी घेऊ दिला.

"रविवारी या," मी म्हणाले.

"वाचायला काय न्हाई, तरी?"

"काही नाही, तरी."