तसराळ्यातलं खारं पाणी

यंदा भाऊबीज नव्हती. बाबा, रमाकांत परचुरे, जाऊन दीड महिना झाला होता, त्यामुळे घरात काही तळलं गेलं नव्हतं आणि आकाशकंदील माळ्यावरच राहिला होता. तरी शंतनू सकाळीच वरळीहून दादरला आला. त्याच्या हातात समुद्राच्या पाण्याची बाटली होती.

“सण करायचा नाही, मान्य,” चपला काढता काढता तो म्हणाला. “पण तेवढे हात बुडवून घेऊ ना, ताई. पाच मिनिटांचं काम.”

“बाबांच्या मागे हे काम तू घेतलंस वाटतं? चौपाटीवर उतरलास, या इस्त्रीच्या कपड्यांत?” सुमेधाने विचारलं.

“उतरलो.” तो हसला नाही.

आईने तसराळं आधीच मांडून ठेवलं होतं.

ओवाळण्याआधी बहीण-भावाने एका तसराळ्यात मनगटं बुडवायची, ही परचुऱ्यांच्या घरातली रीत. पाणी त्याच सकाळी चौपाटीवरून आणलेलं. बहिणीच्या हातात पांढऱ्या धातूचं कडं, भावाच्या हातात किंचित पिवळसर. दोन्ही बाबांनी घडवलेली. विमानाचे नट सैल पडू नयेत म्हणून बांधतात त्या बारीक तारेने दोन्ही कड्यांची तोंडं पिळून बांधलेली. तारेचं शेवटचं टोक आत वळवलेलं, कुणाला लागू नये म्हणून. बाबा काम करत त्या हँगरमध्ये ती त्यांची खूण समजली जाई. शंतनू सहा वर्षांचा असताना त्याची मूत्रपिंडं बिघडली, त्या दिवाळीला हे सुरू झालं. पाण्यात कडी एकमेकांना टेकली की सुमेधाच्या जिभेवर नाणं चोखल्यासारखी चव येई. सगळ्याच बहिणींना ती येत असेल, असं तिला कितीतरी वर्षं वाटत होतं.

बाबा विमानांच्या हँगरमध्ये इन्स्पेक्टर होते. विमानाच्या अंगावर करोजन, म्हणजे धातू पोखरणारा गंज, शोधायचं, हेच काम आयुष्यभर. जेवतानाही तेच बोलत. लोखंड बिचारं लाल होऊन सांगतं तरी, ॲल्युमिनियम तेवढंही सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. एक प्रकार रंगाखालून अळीसारखा सरपटत जातो, वर नुसती रेघ उमटते. एकात पत्र्याचे पापुद्रे चिरोट्यासारखे सुटत जातात. एकात वर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो आणि खाली गुहा असते. आणि त्यांचा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा. ते एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली, की एक झिजत जातो आणि दुसरा तसाच राहतो.

“कोणता झिजणार हे आधीच ठरलेलं असतं,” शंतनूच्या पानात भात वाढत ते म्हणत. “बोटींना तर मुद्दाम जस्ताचा तुकडा जोडतात. तो खपतो, बोट टिकते.”

“मग त्या तुकड्याचं काय होतं?” सुमेधाने लहानपणी विचारलं होतं.

“नवा लावतात.”

गणपतीच्या दिवसांत कुकर उचलताना तिचं मनगट मोडलं. परळच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि म्हणाले, “वरून काही कळत नाही हो. पण आत बघा.” हाडात बारीक बारीक काळे ठिपके होते, खोल गेलेले. पंचेचाळिसाव्या वर्षी हे जरा लवकरच आहे, असं ते म्हणाले. घरी बाबांनी ती फिल्म भिंगातून बराच वेळ पाहिली आणि आईकडे देत म्हणाले, “अजून लिमिटमध्ये आहे.” धीर द्यायला हँगरची भाषा वापरताहेत, असं समजून सुमेधा हसली होती.

शंतनूला सहाव्या वर्षानंतर कधी साधा तापही आला नव्हता. त्रेचाळीस वर्षांचा झाला, तरी डोक्यात एक पांढरा केस नाही. आज मात्र त्याच्या पापण्या सुजल्यासारख्या दिसत होत्या.

“घाल ना हात,” तो म्हणाला. बाटली रिकामी झाली होती आणि त्याचं मनगट पाण्यात होतं.

सुमेधा उभीच राहिली. “आई, बाबा दर भाऊबीजेला माझं कडं भिंगातून तपासायचे. कडं बघायचे, का मनगट?”

आईने तसराळं तिच्याकडे थोडं सरकवलं.

“आई, मी काय विचारतेय?”

“डॉक्टरांनी हात टेकले होते तेव्हा,” आई म्हणाली. तसराळ्याकडे बघत म्हणाली. “यांनी मला विचारलं. मी आई आहे गं त्याची, मी काय सांगणार होते? आणि तू धट्टीकट्टी होतीस. तुझ्याकडे भरपूर होतं.”

“तुला माहीत होतं?” सुमेधा शंतनूकडे वळली.

“माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी सांगितलं,” शंतनू म्हणाला. “मला ते खूळच वाटलं, ताई. आईशप्पथ. कोण विश्वास ठेवेल असल्या गोष्टींवर?”

“पण बाटली भरून आणलीस.”

त्याने हात पाण्यातून काढला नाही.

हे खरं असणं शक्य नाही, हे तिला कळत होतं. खारं पाणी माणसाची हाडं पोखरत नाही. पण या तिघांनी ते खरं मानलं होतं, आणि खरं मानून दर दिवाळीला तिला पाटावर बसवलं होतं, कुंकू लावलं होतं, ‘घाल बाळ हात’ म्हटलं होतं. मनगट मोडलं तेव्हा रात्रभर उशाशी बसलेले बाबा तिला आठवले. ते तिच्यासाठी जागे होते, का त्या जस्ताच्या तुकड्यासाठी?

तिने बाबांच्या पेटीतून पक्कड काढली आणि तार कापली. कडं फरशीवर पडलं, बिस्किटाच्या डब्याचं झाकण पडावं तसं हलकं वाजलं. मनगटावर गोल पट्ट्यात पांढरी भुकटी होती. ती रोजच असे. आजवर तिने ती साबणाची समजून पुसली होती. पक्कड तशीच पर्समध्ये टाकून ती घराबाहेर पडली.

आठवड्याभरात शंतनूचं तोंड सुजलं, मग पाय. त्याला दवाखान्यात ठेवलं. आई वरळीला राहायला गेली. तिचे फोन येत, ती रडे. सुमेधा ऐकून घेई आणि फोन ठेवी. रात्र रात्र झोप लागत नसे. पण मनगटावरची भुकटी थांबली होती, आणि दादरचा पूल ती एका दमात चढू लागली होती.

मग एका दुपारी आईचा आवाज अगदी हलका आला. “घरी आणलं गं शंतनूला. सूज सगळी उतरली. डॉक्टर बघतच राहिले. ये ना एकदा.”

सुमेधा लगेच निघाली.

दार मनवाने उघडलं, शंतनूच्या नऊ वर्षांच्या मुलीने. आतून शंतनूच्या मोठ्याने हसण्याचा आवाज येत होता. जेवणाच्या टेबलावर तसराळं होतं. पाणी स्थिर होतं, तळाशी चिमूटभर वाळू.

“आत्या, तुझ्याकडे गोळी आहे? केव्हापासून तोंडात नाणं ठेवल्यासारखं होतंय.”

तिच्या मनगटात पांढरं कडं होतं.

“हे कुणी केलं, मनू?”

“माहीत नाही. आजीला देवघरात मिळालं. मला बरोब्बर बसलं!”

आईच्या बोटांत सुई धरायची ताकद उरली नव्हती. शंतनूने जन्मात स्क्रू पिळला नव्हता. तारेचं रीळ दादरला, बाबांच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली सुमेधाकडे.

तिने पर्समधून पक्कड काढली.

“हात दे, बाळ.”

“सुमे,” आतून आईने हाक मारली. किती मायेने मारली. “राहू दे गं. धट्टीकट्टी आहे ती.”

सुमेधाने मनवाचा हात घट्ट धरला. कड्याच्या कडेने त्वचेवर पांढरी रेघ धरू लागली होती. पक्कड तारेवर टेकवताना तिला दिसलं, तार कोरी होती. पीळ घट्ट आणि सारखा, बाबांच्या हातचा. शेवटचं टोक आत वळवलेलं होतं, पोरीला लागू नये म्हणून.