चौसष्ट सेंटिमीटर

मर्लूसनं खडूनं स्वयंपाकघराच्या फरशीवर दीड मीटरचं वर्तुळ काढलं आणि म्हणाली, "एवढी जागा कायम मोकळी हवी. चाकांची खुर्ची इथे पूर्ण वळली पाहिजे."

ती नगरपालिकेकडून आली होती. आजारी माणसाला घरी आणता येईल की नाही, हे ठरवणं तिचं काम. पोरगी तिशीची असेल. बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आली, तेवढ्यावर मी तिला निम्मे गुण देऊन टाकले. माझा नवरा वीब्रेन नोव्हेंबरपासून शहरातल्या पुनर्वसन केंद्रात पडून होता. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली, एकच शब्द मागे राहिला. "तेच." भूक लागली तरी तेच, मी निघताना रडू आलं तरी तेच.

"आणि एक मार्चपर्यंत हे सगळं झालं नाही तर?" मी विचारलं.

"तर त्यांना शुश्रूषागृहात हलवावं लागेल. चाळीस किलोमीटरवर एक जागा रिकामी आहे."

"राहू दे रिकामी."

ती हसली. "आजी सांगायची मला, पुलावरच्या रेन्स्केबाईंशी वाद घालू नकोस म्हणून."

आजी शहाणी होती. मी एकतीस वर्षं कालव्यावरचा पूल उघडला नि मिटला. बोट केवढीही असो, मालक कितीही ओरडो, रांग म्हणजे रांग.

मर्लूसची यादी लांबलचक होती. ओटा खाली घ्या, खालच्या फडताळांच्या जागी खण करा, उंबरे काढा. पण खरी अडचण धुण्याची होती. आमचं कपडे धुण्याचं मशीन माळ्यावर, आणि माळ्याचा जिना म्हणजे शिडीच. वीब्रेनची चादर दिवसातून तीनदा बदलायची वेळ येणार. दरवेळी मी वर आणि तो खाली एकटा, हे तिला चालणार नव्हतं. मशीन खाली हवं, आणि धुतलेल्या चादरीही खालीच हव्यात. जिन्यावरून मी एकदा घसरले होते, ते मी तिला सांगितलं नाही.

खाली जागा एकच होती. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीत जुनं निजायचं कपाट आहे. फ्रीजलँड प्रांतातल्या आमच्या बाजूच्या जुन्या घरांत असतातच ती. दोन दारं, आत फळ्यांचा पलंग, थंडीत दारं लावून आत अर्धवट बसल्यासारखं झोपायचं. आमच्या आयुष्यात तिथे कुणी झोपलं नव्हतं. सासूबाई त्यात फळांच्या बरण्या ठेवायच्या, तेही उजवीकडेच. डावीकडे कधीच काही नसायचं. नवी नवरी असताना मी एकदा विचारलं होतं. "तिकडे ठेवत नाही आपण," एवढंच म्हणाल्या. मीही पुढे तसंच करत राहिले. चव्वेचाळीस वर्षं. सवय लागली की माणूस डोकं वापरत नाही.

सीत्सेनं आतल्या फळ्या उचकटल्या आणि मापं घेतली. सीत्से म्हणजे गावचा सुतार, पन्नाशीचा, चौकटीत वाकून येणारा. लांबी एकशे चौऱ्याऐंशी. साठ धुण्याचं मशीन, साठ वाळवण्याचं, उरले चौसष्ट. तेवढ्यात डावीकडे चादरी आणि रबरी कापडांची मांडणी बसत होती. मला तर वाटलं, दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासाठीच हे कपाट केलं असावं. मी खूश होते.

मांडणी उभी करून मी चादरींच्या दोन चळती लावल्या. सकाळी दोन्ही चळती फरशीवर. पडलेल्या नव्हत्या, ठेवलेल्या होत्या. घडीवर घडी, कडेला कड.

मशीनच्या हादऱ्यानं झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, मशीनची नळी अजून जोडलीच नव्हती. चळती पुन्हा लावल्या, दारं बंद केली आणि कोंबड्यांना दाणे टाकून आले. वीस मिनिटं फार तर. चळती खाली, दारं बंद.

दहाच्या कॉफीला सीत्से आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "मांडणी तिरकी बसवलीयस तू."

त्यानं पाणसळ लावून दाखवली. बुडबुडा मधोमध. मग आतल्या डाव्या भिंतीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मीही ठेवला. फेब्रुवारीचा महिना, बाहेर शेतं गोठलेली, त्यांवर बदकं गप्प बसलेली, घरात जेमतेम सोळा अंश. ते लाकूड ऊबदार होतं. आत्ताच उठून गेलेल्या माणसाच्या अंथरुणाइतकं.

"मागून गरम पाण्याचा पाइप जातो का रे?"

"मागे तुमची बाग आहे, बाई."

तो कॉफी ढवळत बसला. साखर त्यात घातलीच नव्हती.

"ते चौसष्ट सोडून द्या," शेवटी म्हणाला. "माझ्या बापानं असली कपाटं खूप मोडली. एक-दोन ठिकाणी त्यानं जागा तशीच सोडली होती. कारण विचारलं की शिव्या द्यायचा."

"आणि चादरी कुठे ठेवू? तुझ्या घरी?"

"ठेवा की. बायको इस्त्रीही करून देईल."

"सीत्से, चादरी खाली नसल्या तर ती पोरगी कागदावर सही करणार नाही. सही नाही तर वीब्रेन नाही. सरळ हिशेब आहे. मला माझा नवरा हवाय."

"मला कळतंय हो."

"मग मांडणी भिंतीत पक्की कर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "बाकी सांगाल ते करतो. ओटा करतो, उंबरे काढतो. तेवढे स्क्रू मी पिळणार नाही."

एवढा थोरला गडी, आणि मी त्याला भित्रा म्हटलं तरी चिडला नाही. याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचं स्क्रू पिळायचं यंत्र घेतलं आणि कपाटात गुडघ्यांवर शिरले. आठ स्क्रू होते. पहिल्यालाच वास आला, गवताचा नि झोपेतल्या माणसाच्या अंगाचा. तिसऱ्याला माझ्या डाव्या कानाशी गवत सरकलं. कूस बदलताना गवताच्या गादीचा होतो, तसा आवाज. त्या कपाटात गवताची काडीसुद्धा नव्हती. मी स्वतः झाडून घेतलं होतं.

भीती वाटली का? वाटली. स्क्रू दोनदा निसटला. पण त्याहून मोठा संताप आला. माझा माणूस चार महिने परक्या छताकडे बघत पडलाय, आणि इथे कुणीतरी फुकट लोळतंय.

"उठा," मी मोठ्यानं म्हटलं. "दिवस वर आलाय. या घरात सगळे उठतात. जागा मला हवीय."

सळसळ थांबली. मी उरलेले पाच स्क्रू पिळले. आठवा बसला तेव्हा लाकूड गार पडलं होतं.

चादरी जागच्या हलल्या नाहीत. मर्लूस आली, खुर्ची वर्तुळात फिरवून पाहिली, कपाटाची दारं उघडून मांडणी पाहिली. "छान झालंय हो," म्हणाली आणि सही केली. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. अख्ख्या घराशी भांडून मी जिंकले होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

एक मार्चला वीब्रेन घरी आला. त्याचा पलंग आम्ही स्वयंपाकघरालगतच्या खोलीत लावला, मधलं दार काढून टाकलं. दवाखान्यात असतो तसला नव्वद सेंटिमीटरचा पलंग, दोन्हीकडे कठडे. मी मोहरीचं सूप केलं. त्यानं दोन वाट्या संपवल्या, खिडकीकडे बघत म्हणाला, "तेच." मी त्याचं तोंड पुसता पुसता रडले.

चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी दुपारी तो झोपेतून उठला की नाही ते बघायला गेले, तर तो डाव्या कठड्याला चिकटून पडला होता. गाल सळीत रुतलेला. मी त्याला काखेखाली हात घालून मधोमध आणला. कमरेत कळ आली माझ्या. त्याला स्वतःला कुशीवरही वळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्याच्या पुढच्या दिवशी मर्लूस चौकशीला आली. तिनं त्याच्या गालावरचा काळानिळा वळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "इथे ते नीट झोपू शकत नसतील, तर आपल्याला पुन्हा विचार करावा लागेल," ती म्हणाली. आवाज मऊ होता. तिचं तरी काय चुकत होतं?

ती गेल्यावर मी पलंगाच्या रिकाम्या अर्ध्यावर हात ठेवला. ऊबदार. गादीला लांबट खड्डा पडलेला.

"कोण सरकवतं रे तुला?"

"तेच," वीब्रेन म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी सीत्सेला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"स्क्रू काढा, बाई," म्हणाला. "त्याची जागा त्याला देऊन टाका."

"आणि चादरी माळ्यावर नेऊ? जिना चढू? मग त्या पोरीला नवीन कारण मिळेल."

"मग काय करणार तुम्ही?"

मी फोन ठेवला.

दुपारचे दोन वाजले होते. कपाटात मशीन घुमत होतं. मी चपला काढल्या, उजवा कठडा खाली केला, वीब्रेनला मधे घेतलं आणि त्या ऊबदार खड्ड्यात त्याच्याकडे तोंड करून आडवी झाले. पाठ अगदी काठावर.

"ही माझी जागा आहे," मी म्हटलं. "चव्वेचाळीस वर्षांची."

त्यानं डावा हात माझ्या मानेवर ठेवला.

मशीन थांबलं. घरात त्याचा श्वास आणि माझा, एवढंच ऐकू येत होतं.

मग तिसरा ऐकू आला.

माझ्या पाठीमागे गादीचा काठ हळूहळू दबला, चपला काढायला कुणी टेकावं तसा. मग पाठीला ऊब लागली, खांद्यापासून टाचांपर्यंत. ती रेटू लागली.

मी सरकले नाही.