आवाज बसला त्या दिवसांत

लिफ्टमधल्या दुसऱ्या माणसाला मराठी कळत असेल, असं अनन्याच्या मनातही आलं नाही. मुंबईहून चेन्नईत येऊन तिला दोन वर्षं होत आली होती, आणि इथे फोनवर आईशी बोलायला तिला कधी कोपरा शोधावा लागला नव्हता.

"पोरगी गोड आहे गं," ती सांगत होती. "पण आजपासून तिचा भाऊ बरोबर येणार आहे, प्रत्येक ठिकाणी. बँकेतला आहे म्हणे. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसणार आणि सारखं घड्याळ दाखवणार… बरं, ठेवते."

लिफ्ट थांबली. पांढऱ्या शर्टातला, काखेत थर्मास धरलेला तो माणूस दार अडवून तिला वाट देत उभा राहिला.

"आज एरंडेल नाही प्यायलों हो," तो शांतपणे म्हणाला. "कापी प्यायलों."

अनन्याच्या कानापर्यंत रक्त चढलं. "तुम्ही… मराठी?"

"तंजावरचे. घर इथंच, अड्यारला. मी विश्वेश, शरण्याचा अण्णा." आणि मग, डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू दाबत, "अस्कं आयकलों. घड्याळ मात्र आहे माझ्याकडं."

'अस्कं' म्हणजे 'सगळं', हे तिला न विचारताच कळलं.

शरण्या सतरा वर्षांची. 'तेरुमुनै' हा तिचा पहिलाच अल्बम. तेरुमुनै म्हणजे गल्लीचा कोपरा. त्या कोपऱ्यावरची साधी, नाचरी तमिळ गाणी शेअर ऑटोत, चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या गेटाबाहेर, जिथे जावं तिथे वाजत होती. गिंडी भागातल्या ज्या कंपनीत अनन्या होती तिच्याकडे अल्बमचं प्रमोशन होतं. रेडिओ, मुलाखती, कॉलेजं, मॉल… सगळ्याची आखणी अनन्याची. आणि सगळ्याची काळजीही. शरण्याचे आई-वडील दोघं शाळेत शिक्षक, त्यांना परीक्षांमुळे सुटी नव्हती. म्हणून विश्वेशनं रजा काढली होती.

त्यानं घड्याळ दाखवलंच. पण ते दाखवायची त्याची रीत अशी होती, की अनन्याला रागावता येईना. तो नुसता मनगट पुढे करायचा आणि दुसऱ्या हातानं तिच्यासमोर कॉफीचा पेला ठेवायचा.

"आणखी एकच मुलाखत," ती म्हणायची.

"घसा तिचा आहे, कंपनीचा नाही."

"मला कळतं ते. मलाही टेन्शन असतं."

"टेन्शनला तुमच्या मराठीत काय म्हणतात?"

ती विचार करू लागली. "टेन्शनच."

"आमच्यात पण," तो म्हणाला, आणि दोघंही हसले… आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं, दोघं एकमेकांकडेच बघत होते.

घरी वेलचेरीला परतताना ट्रेनच्या दारातून येणाऱ्या दमट वाऱ्यात अनन्या स्वतःला बजावायची. कामाच्या ठिकाणचा माणूस. कलाकाराचा भाऊ. आणि मग पुन्हा आठवायची, तो 'प्यायलों' कसं म्हणतो ते.

गिंडीच्या एका कॉलेजात शरण्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. शेवटच्या ओळीवर, क्षणभरच. मुलांच्या आरोळ्यांत कुणाला कळलंही नाही. पण विश्वेशनं अनन्याकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं.

डॉक्टरांनी स्वरतंतूंना सूज असल्याचं सांगितलं. गाणं बंद, बोलणंही बंद. ऐकलं नाही तर आवाजाला कायमची इजा होऊ शकते.

आणि वेलचेरीच्या मॉलमधला मोठा कार्यक्रम दोन दिवसांवर होता.

"रद्द होणार नाही," अनन्याचे साहेब विजयेंद्र म्हणाले. "रेकॉर्ड केलेलं गाणं लावा. तिनं ओठ हलवायचे. सगळे करतात."

हे विश्वेशला सांगायचं काम अर्थातच अनन्यावर आलं. त्यांच्या अड्यारच्या घराच्या जिन्यात उभं राहून तिनं सांगितलं. तो कठड्यावरून बोट फिरवत राहिला.

"मला यातलं कळत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. करूं?"

तिला वाटलं, नको म्हणावं. पण नको म्हटलं तर साहेब, नोकरी, कंपनीनं दिलेला शब्द… "करा," ती म्हणाली. "काही होणार नाही. मी असेन तिथे."

"तर मग ठीक," तो म्हणाला. इतक्या सहज, इतक्या विश्वासानं, की तिला रात्रभर झोप लागली नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नोव्हेंबरचा पाऊस कोसळत होता. बाहेर रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी, तरी मॉलचे मजलेच्या मजले पोरापोरींनी गच्च भरलेले. शरण्या मंचावर आली. गाणं सुरू झालं, ओठ हलले, हात उंचावले… सगळं बरोबर चाललं होतं. दुसऱ्या कडव्याला दिवे एकदा लुकलुकले, आणि गाणं बंद पडलं.

दिवे परत आले. माईकही चालू झाला. गाणं मात्र नाही.

आधी लोकांना तो खेळच वाटला. त्यांनी पुढची ओळ स्वतः म्हटली आणि मग ते तिच्याकडे बघत थांबले. शरण्या उभी. मग त्या वेड्या पोरीनं गायला तोंड उघडलं. माईकमधून नुसती खरखर बाहेर आली.

कुणीतरी हसलं. शेकडो फोन उंचावले.

अनन्या जागची हलेपर्यंत विश्वेश मंचावर पोहोचला होता. बहिणीला खांद्याशी धरून तो खाली उतरला. अनन्या वाटेतच उभी होती.

"वळि विडुंग," तो म्हणाला. वाट सोडा. तो तिच्याशी तमिळ बोलला होता. पहिल्यांदाच.

सकाळपर्यंत ती क्लिप सगळीकडे पोहोचली होती. 'खोटी गायिका.' 'अल्बमही दुसरीनंच गायलेला असणार.' विजयेंद्रांनी निवेदन तयार ठेवलं होतं. शरण्या स्वतःच गात होती, माईक बिघडला, असं त्यात होतं. ते अनन्यानं प्रसिद्ध करायचं होतं.

तिनं ते दोनदा वाचलं. मग फोन पर्समध्ये टाकला आणि अड्यारला गेली.

दार विश्वेशनं उघडलं. या म्हणाला नाही.

"मला शरण्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

"ती बोलत नाही. तुम्हांला ठाऊक आहे."

"मी बोलेन. ती ऐकेल."

तो बाजूला झाला. शरण्या पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेजारी ताटातला दहीभात तसाच सुकलेला. अनन्या तिच्याजवळ जमिनीवर बसली.

"हे माझ्यामुळे झालं. ओठ हलव म्हणून मी सांगितलं. आता मला लोकांना खरं सांगायचंय. तुझ्या घशाचं, डॉक्टरांचं, सगळं. पण घसा तुझा आहे. तू नको म्हणालीस तर मी एक अक्षर बोलणार नाही."

शरण्यानं अण्णाकडे पाहिलं. मग तिनं मान हलवली. हो.

अनन्यानं तिथेच खिडकीपाशी फोन उभा केला आणि आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. मुलीचा घसा सुजला होता. ती गात नव्हती, हे खरं. तसं करायला मी सांगितलं. अल्बममधला आवाज तिचाच आहे. दोष द्यायचा तर मला द्या. घशाला ती काहीतरी भलतंच म्हणाली असावी, कारण शरण्याचे खांदे आवाज न करता हलू लागले. ती हसत होती. दारातून विश्वेशनं हळूच बरोबर शब्द सांगितला. अनन्यानं तो उच्चारला आणि पुढे बोलत राहिली.

संध्याकाळी विजयेंद्रांचा फोन आला. उद्यापासून ऑफिसला येऊ नको, एवढंच ते म्हणाले.

लोक काही एका दिवसात बदलले नाहीत. कुणी तिच्या तमिळची टिंगल केली, कुणी शरण्याला 'आराम कर' म्हणून लिहिलं, कुणी तीच क्लिप पुन्हा पाठवत राहिलं. अनन्या वेलचेरीच्या खोलीत फोन उलटा ठेवायची आणि लगेच सुलटा करायची. विश्वेशचा फोन नव्हता. त्या मुलीचा आवाज परत आलाच नाही तर, हा विचार जेवताना, अंघोळ करताना, कपडे वाळत घालताना मानगुटीवर बसलेला असायचा. त्याच्या मागे दुसरा विचार असायचा, तो तर तिला मनातसुद्धा उच्चारवत नव्हता.

मग एके दिवशी विश्वेशचा निरोप आला. 'उद्या डॉक्टरकडं. शरण्याला तुम्ही पाह्यजे.'

दवाखान्यात तो एका बाजूला बसला, ती दुसऱ्या. मधे शरण्या, दोघांचे हात धरून. डॉक्टरांनी घशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "आता हळूच काहीतरी बोल."

शरण्यानं दोघांचे हात घट्ट दाबले.

"पसिक्किदु," शरण्या म्हणाली. भूक लागलीय. आवाज बारीक होता, धाग्यासारखा, पण अखंड. विश्वेशनं तोंड भिंतीकडे वळवलं. सूज उतरलीय, डॉक्टर म्हणाले. मात्र मंच काही महिने नाही.

शेजारच्या हॉटेलात शरण्या इडल्यांवर तुटून पडली. कॉफी घ्यायला दोघं काउंटरपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

"त्या दिवशी मी तमिळ बोललों," विश्वेश म्हणाला.

"हो."

"राग होता. पण… घाबरलोंही होतों. घाबरलों की मला मराठी सुचत नाही."

"आणि आत्ता?"

"आत्ता जास्त घाबरलों आहे."

"मराठी तर बोलताय."

"यत्न करतों." त्यानं पेला उचलला, परत ठेवला. "तुमची नोकरी गेली. आता मुंबईस जाणार?"

"तिथल्या एका कंपनीनं बोलावलंय. अजून काही कळवलं नाही मी."

काउंटरवरचा माणूस कॉफी वरून खाली ओतत होता, फेसाकडे बघत विश्वेश म्हणाला, "जाऊं नका म्हणायचा मला हक्क नाही."

"नाही," ती म्हणाली.

"तरी म्हणतों. जाऊं नका." त्यानं आता तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही मला आवडतां. फार. हे नीट मराठीत कसं सांगतात, ठाऊक नाही."

"असंच सांगतात," अनन्या म्हणाली.

तिच्या उजव्या हातात कॉफीचा गरम पेला होता. तिनं तो डाव्या हातात घेतला, आणि उजवा, अजून कढत असलेला, त्याच्या हातात दिला.