खालचं टोक जगवताना

सरांचं झाड आणायला मी गेलो ती एक साधी दुपार होती. सर जाऊन महिना झाला होता, त्यांच्या पत्नीने, काकूंनी, फोन करून बोलावलं होतं आणि खरं सांगतो, मला हाव सुटली होती. बोन्साय मी सरांकडेच शिकलो. चाळीस वर्षांचं ते जुनिपर, सुईसारख्या पानांचं झाड, कॅस्केड पद्धतीचं. म्हणजे खोड कुंडीच्या काठावरून खाली वाकवलेलं आणि टोक पार कुंडीच्या बुडाखाली लोंबणारं. शिकत होतो तेव्हा सरांनी मला त्याला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं.

काकू एकट्याच होत्या. भिंतीवर त्यांच्या दोन मुलांचे फोटो. तरणीताठी मुलं, एकाच वर्षात गेलेली. त्याच वर्षी काकू मात्र मरणाच्या दारातून परत आल्या होत्या.

"वरचं फार खुडू नकोस," कुंडी माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या.

"काकू, वरचं खुडल्याशिवाय खालचं जगतं का?" मी हसलो.

"तेच तर..." एवढंच म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

यातली मेख तुम्हाला सांगतो. झाडाचा सगळा जोर वर जाण्याकडे. तार गुंडाळून आपण त्याला खाली वाकवतो, पण ते आपला स्वभाव सोडत नाही. खालच्या टोकाला उपाशी ठेवतं आणि माथ्यावर पालवी फोडतं. म्हणून माथा खुडत राहायचा. आमच्याकडे हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

झाड मी खिडकीपाशी उंच स्टुलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी खालचं टोक पिवळं पडलं आणि त्याच दिवशी माझ्या सात वर्षांच्या मुलीला ताप भरला. तो उतरेचना. डॉक्टर रोज औषध बदलायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. पोरीचं पार चिपाड झालं. एका सकाळी हातावर हात धरून बसवेना म्हणून मी माथ्यावरचे दोन-तीन शेंडे खुडले. दुपारी तिचा ताप उतरला. खालचं टोक हिरवं झालं होतं.

वाळायला लागलेलं टोक एका दुपारीत हिरवं होत नाही. हे मला कळत होतं. तरी मी आनंदाने रडलो.

संध्याकाळी बायकोच्या हातातून पातेलं पडलं.

"अहो, बोटं... बोटं कळतच नाहीयेत मला."

दुसऱ्या दिवशी तिचा हात कोपरापर्यंत गार होता. मी खुडणं थांबवलं. चार दिवसांत तिच्या हातात ऊब आली आणि मुलीला पुन्हा ताप भरला. पुन्हा खुडलं, पुन्हा हात गार, आणि मुलीचा तापही आता पुरता उतरेना. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, तसा मी कातरी धरून मधोमध उभा. सांगणार तरी कुणाला? लोकांनी वेड्यात काढलं असतं.

शेवटी काकूंना फोन केला. "काकू, झाड परत घ्या हो... पाया पडतो."

"आता उपयोग नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "त्याने तुझं घर धरलंय. घरातलं प्रत्येक माणूस असतं त्याच्यावर."

"म्हणजे मीसुद्धा?"

"ह्यांनीही स्वतःला फार शोधलं रे..." आणि फोन बंद झाला.

मला त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकू आलं. भिंग घेऊन झाडापुढे बसलो. खालचं टोक मुलीचं. माथ्यावरचा जाड शेंडा बायकोचा. आणि त्या शेंड्याच्या बुडाशी, जुन्या सालीतून नुकताच फुटलेला एक कोंब, तांदळाच्या दाण्याएवढा. हाच मी. एवढासा? असेन बुवा, आजवर दिवे तरी कुठले लावले होते! मी गेलो तर झाडाचा तेवढा जोर दोघींना मिळेल, हा माझा हिशोब. मुलीचा पापा घेतला, झोपलेल्या बायकोच्या गार हातावरून हात फिरवला आणि नखाने तो कोंब खुडला.

मग खुर्चीत बसून वाट पाहत राहिलो. काळीज धडधडत होतं, पण ते चालूच राहिलं. चार वाजले. आतून मुलगी म्हणाली, "बाबा, भूक लागली." किती दिवसांनी! बायको उठल्याचा आवाज आला. तिने आपल्या हाताने नळ सोडला, घट्ट बंदही केला. दोघी वाचल्या होत्या आणि मीही धडधाकट होतो. मला हसू आवरेना.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. बायको भिंतीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक, एक हात पोटावर.

"अहो... तुम्हाला सांगणार होते. दोन महिने झाले होते. म्हटलं, हिचा ताप उतरू दे, मग सांगू..."

खाली फरशीवर रक्त होतं. तिला सावरायला मी हात पुढे केला, तेव्हा मूठ उघडली. कोंब अजून माझ्याच हातात होता.

आणि आतून मुलीने हाक मारली.

"बाबा, इकडे या ना... माझ्या पांघरुणात हे एवढंसं कोण झोपलंय?"