उतरत्या दातांचं चाक

जुन्या घड्याळाचा एखादा भाग हरवलेला असला, की सांगलीचे जनार्दनराव कासार उरलेले भाग झीजवाचकाखाली ठेवत. एका भागाने दुसऱ्यावर वर्षानुवर्षं घासून उमटवलेल्या खुणा ते यंत्र वाचायचं, हरवलेल्या भागाचा आकार काढायचं आणि अर्ध्या तासात तसाच नवा भाग कातून द्यायचं. जनार्दनरावांकडे घड्याळ उघडायचं आणि मिटायचं, एवढंच काम उरलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी हे यंत्र दुकानात आलं, त्याच आठवड्यात धाकटा भाऊ मुकुंद आपल्या कानशी पिशवीत भरून निघाला. "माझ्या हाताचं आता इथे काय काम, दादा?" एवढंच तो म्हणाला. जनार्दनरावांनी त्याला थांबवलं नाही. दोन दिवसांत राग उतरेल असं त्यांना वाटलं होतं. पुढे शोधाशोध केली, पेपरात फोटो दिला, काही कळलं नाही. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. दुकानात कुणी आलं नाही, तर जनार्दनरावांचा अख्खा दिवस न बोलता जाई.

त्या दुपारी गडहिंग्लजच्या एक शिक्षिका, शैलजा नलवडे, आजोबांचं लंबकाचं घड्याळ घेऊन आल्या. लंबकाला ठेका देणारं दातेरी चाकच त्यात नव्हतं. त्या चाकावर आपटणारा पोलादी आकडा जनार्दनरावांनी यंत्राखाली ठेवला. पडद्यावर हळूहळू चाक उभं राहिलं. तीस दात, आणि प्रत्येक दाताचं टोक एका कडेला किंचित उतरतं.

जनार्दनराव खुर्चीत बसले. दात घासून झाला, की शेवटी कडेवर कानशीचा एक जादा हात फिरवायची सवय मुकुंदची होती. त्यावरून तो वडिलांची बोलणी खायचा.

त्याचंच जुनं काम असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पण यंत्राने वाळलेल्या तेलाचे थरही मोजले होते. चाक सहा वर्षं चाललं होतं आणि तीनच आठवड्यांपूर्वी निघालं होतं.

चाक कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. शैलजाताईंनी सांगितलं, की स्टँडजवळ एक घड्याळवाले मामा बसायचे, सगळं हाताने घासून करायचे; हे चाकही सहा वर्षांपूर्वी त्यांनीच घातलं होतं. दात झिजलेत, नवं चाक घालून देतो म्हणून ते घेऊन गेले आणि आलेच नाहीत. खोलीला कुलूप होतं. त्यांना कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, असं शेजारी म्हणाले. "त्यांचं कुणी नाही म्हणतात, काका. तुम्ही द्याल ना चाक करून?"

चाक कातायचं का, असं पडद्यावर यंत्र विचारत होतं. जनार्दनरावांनी ते बंद केलं आणि दवाखान्याचा नंबर शोधून फोन लावला. त्यांनी मुकुंदचं पूर्ण नाव सांगितलं.

"आहेत," पलीकडची परिचारिका म्हणाली. "शुद्धीवर आहेत. तुम्ही त्यांचे कोण?"

भाऊ, हा शब्द जनार्दनरावांच्या तोंडाशी आला. पण मुकुंदला विचारलं, तर तो हो म्हणेल का?